उंदरांवरचा प्रयोग आणि ओपन पीअर रिव्ह्यू: प्राणी आणण्याआधीपासून रिव्ह्यूअरला उत्तर देण्यापर्यंत

एम.फार्मला किंवा पीएचडीला ॲनिमल स्टडी असणाऱ्यांसाठी हे सगळं लिहितेय. जर्नलकडून रिव्ह्यू (त्याच विषयातल्या दुसऱ्या संशोधकांनी केलेली पेपरची तपासणी) आला की त्यात ठरलेले प्रश्न असतात, ग्रुप कसे पाडले, ग्लुकोज मोजणाऱ्याला कुठला रॅट कुठल्या ग्रुपचा हे माहीत होतं का, सहाच्या ग्रुपमधला सहावा रॅट ग्राफमध्ये का दिसत नाही, आणि आपण उत्तर लिहायला बसतो तोवर प्रयोग संपून कित्येक महिने झालेले असतात, रॅट्स गेलेले असतात, नोंदवहीत काही लिहिलेलं नसेल तर कितीही चांगला रिव्ह्यूअर तो प्रयोग वाचवू शकत नाही. तीस जीव गेले ते गेलेच. म्हणून माझं म्हणणं असं की रिव्ह्यू प्राणी आणायच्या आधी सुरू झाला पाहिजे, आणि ओपन पीअर रिव्ह्यूचा खरा फायदा तिथेच घ्यायचा: आपला प्रोटोकॉल, आपला डेटा आणि रिव्ह्यूअरचे प्रश्न उद्या कुणीही वाचणार आहे हे धरूनच पहिल्या दिवसापासून काम करायचं.

उदाहरण एकच घेते, आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांमध्ये नेहमी दिसणारं. जांभळाच्या बियांचा अर्क, स्ट्रेप्टोझोटोसिन (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारं रसायन) देऊन डायबेटिक केलेले विस्टार जातीचे रॅट्स, तुलनेला मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं नेहमीचं औषध, २८ दिवसांची स्टडी. सहा-सहा रॅट्सचे पाच ग्रुप: नॉर्मल कंट्रोल, डायबेटिक कंट्रोल, मेटफॉर्मिन आणि अर्काचे दोन डोस.

ओपन रिव्ह्यूमध्ये ओपन काय असतं

२०१७ मध्ये टोनी रॉस-हेलॉअर या संशोधकांनी या विषयावरचं साहित्य चाळलं तर ओपन पीअर रिव्ह्यूच्या १२२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या, त्यामुळे गोंधळ होतो तो साहजिक आहे. आपल्या कामाच्या गोष्टी तीन. रिव्ह्यूअरचं नाव उघड असणं, रिव्ह्यूचा रिपोर्ट पेपरसोबत छापला जाणं, आणि पेपर रिव्ह्यूच्या आधीच प्रीप्रिंट म्हणून सगळ्यांना वाचायला मिळणं. कुठलं जर्नल यातलं काय करतं ते वेगवेगळं आहे. बीएमजेने १९९९ पासून रिव्ह्यूअरची नावं लेखकांना सांगायला सुरुवात केली. एफ१०००रिसर्चमध्ये पेपर आधी छापला जातो, मग नावासकट रिपोर्ट त्याच्याखाली येतात आणि प्रत्येक रिव्ह्यूअर मान्य, काही शंकांसह मान्य किंवा अमान्य असा शेरा देतो. ईलाइफने २०२३ पासून रिव्ह्यूनंतरचं स्वीकारलं-नाकारलं हे प्रकरणच बंद केलं, रिव्ह्यूला घेतलेला पेपर रिव्ह्यू आणि संपादकीय मूल्यमापनासकट छापतात आणि पुरावा किती भक्कम आहे ते तिथे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असतं. नेचर कम्युनिकेशन्ससारख्या ठिकाणी रिपोर्ट छापतात पण रिव्ह्यूअरला निनावी राहता येतं.

पाठवायच्या आधी एक काम नक्की करा, जर्नल स्वतःला ओपन रिव्ह्यूचं म्हणवत असेल तर त्यात नुकतेच आलेले चार-पाच ॲनिमल पेपर उघडा आणि त्यांचे रिव्ह्यू रिपोर्ट वाचा. रिपोर्ट सापडतच नसेल, किंवा 'छान काम आहे, छापावे' एवढ्या दोन ओळीच असतील, तर तिथे पैसे भरायचे नाहीत. आणि नीट लिहिलेले रिपोर्ट सापडले तर ते फुकटचं शिक्षण आहे, स्टडी डिझाइनबद्दल क्लासरूममध्ये जे कुणी सांगत नाही ते त्यात असतं.

पहिली पायरी: प्राणी लागणारच आहेत का

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले तीन आर सगळ्यांना पाठ असतात, पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. परीक्षेत लिहून होतं पण सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) त्याचा मागमूस नसतो. आपल्या उदाहरणात खरा प्रश्न असा आहे की जांभळाच्या बियांवर डायबेटिक रॅट्समध्ये आधीच भरपूर काम झालेलं आहे, मग आपल्या तीस रॅट्समधून नवीन काय कळणार? याचं एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर थांबा. एन्झाइमवरची किंवा सेल लाइनवरची टेस्ट आधी करून अर्कात दम आहे का ते बघता येतं. नियमांचा कलही त्याच दिशेला आहे, २०२३ मध्ये आपल्याकडच्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांमध्ये बदल करून प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली गेली.

अर्काबद्दलही आत्ताच ठरवा. झाडाचा नमुना वनस्पतीशास्त्रज्ञाकडून ओळखून घेऊन हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) जमा करणं, बिया कुठून कधी आणल्या, कुठल्या सॉल्व्हंटमध्ये अर्क काढला, किती टक्के मिळाला, एखादं मार्कर रसायन मोजलं का. हे नसेल तर रिव्ह्यूअर म्हणेल तुम्ही नेमकं काय पाजलं तेच कळत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

दुसरी पायरी: सहाच का?

प्रत्येक ग्रुपमध्ये सहा हा आकडा आपल्याकडे परंपरेने चालत आलाय. गाइडने सहा घेतले, त्यांच्या गाइडनेही सहाच घेतले होते. ओपन रिव्ह्यूमध्ये 'सहा का' हा प्रश्न हमखास येतो आणि 'आधीच्या पेपरमध्ये तसं होतं' हे उत्तर नावासकट कायमचं छापलं जातं.

हिशोब बघा. दोन ग्रुपची तुलना, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के, पी (फरक नसताना तो दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५, तर सहा-सहा रॅट्समध्ये तुम्हाला फक्त तोच फरक भरवशाने पकडता येतो जो स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (एकाच ग्रुपमधले आकडे किती पसरलेत त्या मापाच्या) साधारण १.८ पट आहे. फरक एक स्टँडर्ड डेव्हिएशनएवढा असेल तर प्रत्येक ग्रुपमध्ये १७ लागतात. जी-पॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे दोन मिनिटांत निघतं. स्टँडर्ड डेव्हिएशन कुठून घ्यायची तर तुमच्याच ॲनिमल हाउसमधल्या जुन्या डायबेटिक रॅट्सच्या डेटावरून, आणि किती फरक उपयोगाचा म्हणायचा ते तुम्ही आणि गाइडने विचार करून ठरवायचं, जुन्या पेपरमधला फुगलेला फरक उचलायचा नाही. काही ठिकाणी रिसोर्स इक्वेशन वापरतात, एकूण प्राणी वजा एकूण ग्रुप, उत्तर १० ते २० मध्ये यावं. पाच ग्रुप सहाचे म्हणजे ३० वजा ५, २५ आले, म्हणजे त्या हिशोबानेही सहा जास्तच होतात! दोन पद्धती दोन वेगळी उत्तरं देतात, आणि माझं मत असं की मुख्य परिणाम एक ठरलेला असेल तर पॉवरचाच हिशोब करावा, रिसोर्स इक्वेशन ही बाकी काहीच माहिती नसेल तेव्हाची सोय आहे.

मग आयएईसी (संस्थेची प्राणी-प्रयोगांना मंजुरी देणारी नीतिसमिती) सतरा-सतराच्या पाच ग्रुपसाठी ८५ रॅट्स देणार का? बहुधा नाही, आणि देऊही नये. पण ग्रुप कमी करता येतात. अर्काचे २०० आणि ४०० मिग्रॅ प्रति किलो असे दोन डोस खरंच हवेत का, एकच डोस घेऊन तेवढेच प्राणी उरलेल्या ग्रुपमध्ये वाढवले तर प्रश्नाचं उत्तर जास्त नीट मिळतं. छोटे छोटे पाच ग्रुप करून कशाचंच धड उत्तर न मिळणं यात प्राणी वाचत नाहीत, वाया जातात.

स्ट्रेप्टोझोटोसिननंतर काही रॅट्स मरतात, काही डायबेटिक होतच नाहीत. त्यासाठी जादा किती प्राणी मागितले तेही आधीच लिहा.

तिसरी पायरी: आयएईसी

कायदा १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक, नियम १९९८ चे, आणि वरची, प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती म्हणजे आधी सीपीसीएसईए म्हणायचो ती आता सीसीएसईए. उंदीर-सशांसारख्या लहान प्राण्यांसाठी फॉर्म बी भरून आपल्या संस्थेच्या आयएईसीकडे जायचं, मोठ्या प्राण्यांसाठी वर दिल्लीला. कमिटीत पशुवैद्यक असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, शास्त्रज्ञ नसलेली एक सामाजिक भान असलेली व्यक्ती असते आणि सीसीएसईएचा नॉमिनी असतो. मुलं मीटिंगला घाबरून जातात आणि शक्य तितकं कमी बोलून सुटायला बघतात. उलट करा. हा तुमचा पहिला पीअर रिव्ह्यू आहे, समोर बसलेल्या पशुवैद्यकाला विचारा की भूल कुठली, वेदनेसाठी काय, रॅट किती खालावला की त्याला स्टडीतून काढायचं. तिथे मिळालेले प्रश्न आणि तुमची उत्तरं जपून ठेवा, पेपरसोबत जोडता येतात, रिव्ह्यूअरला त्यातून फार कळतं.

मंजुरी मिळायच्या आधी एकही प्राणी हातात घ्यायचा नाही. प्रोटोकॉल मधेच बदलला तर परत कमिटीकडे जायचं, 'नंतर बघू' चालत नाही, कारण मंजुरीची तारीख आणि प्रयोगाची तारीख दोन्ही उद्या सगळ्यांसमोर असणार आहेत.

चौथी पायरी: प्लॅन आधीच जाहीर करा

मुख्य परिणाम काय मोजणार, कुठल्या दिवशी, कुठली टेस्ट लावणार, कुठला रॅट वगळणार, हे लिहून प्रयोगाआधी तारखेसकट नोंदवायचं. यासाठी नेदरलँड्समधून चालणारं प्रीक्लिनिकल ट्रायल्स डॉट ईयू आहे, जर्मनीत बीएफआर संस्थेची ॲनिमल स्टडी रजिस्ट्री २०१९ पासून आहे, आणि ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क ही वेबसाइट) तर सगळ्याच विषयांना चालतं. कुणी आयडिया चोरेल अशी भीती वाटत असेल तर नोंद काही काळ बंद ठेवायची सोयही असते.

काही जर्नलं रजिस्टर्ड रिपोर्ट घेतात, म्हणजे प्रस्तावना आणि पद्धत एवढंच आधी पाठवायचं, त्याचा रिव्ह्यू होतो, सुधारणा होतात, आणि मग प्रयोग करायचा, निकाल काहीही आला तरी पेपर छापला जातो. प्राण्यांच्या प्रयोगासाठी मला यापेक्षा चांगली पद्धत माहीत नाही. रिव्ह्यूअरने 'कंट्रोल ग्रुपलाही गॅव्हाज द्या' (म्हणजे नळीने पोटात पाजा) असं सांगितलं तर ते ऐकायला अजून वेळ असतो.

पाचवी पायरी: ग्रुप पाडणं आणि ब्लाइंडिंग

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

स्ट्रोकवरच्या एनएक्सवाय-०५९ या औषधाचं उदाहरण बघा. प्राण्यांमध्ये उत्तम निकाल, आणि माणसांवरच्या मोठ्या ट्रायलमध्ये काहीच नाही. नंतर २००८ मध्ये माल्कम मॅक्लिऑड यांच्या गटाने प्राण्यांवरच्या स्टडीज एकत्र केल्या तेव्हा दिसलं की जिथे रॅन्डमायझेशन (चिठ्ठ्या काढल्यासारखी ग्रुपची वाटणी) नोंदवलेलं नव्हतं तिथे मेंदूतला इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग) सुमारे ५३ टक्क्यांनी कमी झालेला, आणि जिथे नोंदवलेलं होतं तिथे सुमारे २० टक्क्यांनीच. औषध तेच. ग्रुप पाडायच्या पद्धतीकडे दुर्लक्ष झालं की एवढा फरक पडू शकतो.

आपल्याकडे ग्रुप कसे पाडतात? पिंजऱ्यात हात घालायचा, जो हातात येईल तो ग्रुप एक. पण आधी हातात येतो तो मंद किंवा आजारी रॅट असतो, चपळ असतात ते शेवटपर्यंत सापडत नाहीत. म्हणजे पहिला ग्रुप सुस्त, शेवटचा ग्रुप तगडा. याला रॅन्डम म्हणत नाहीत.

असं करा. स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सिट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५, ऐनवेळी विरघळवून लगेच द्या कारण ते झपाट्याने खराब होतं, आणि त्या रात्री प्यायच्या पाण्यात ग्लुकोज ठेवा, नाहीतर स्वादुपिंडातून एकदम सुटलेल्या इन्सुलिनने साखर कोसळून रॅट्स मरतात. ७२ तासांनी ग्लुकोज मोजा. समजा २५० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वरचे तेवढेच घ्यायचं ठरलंय. आता या डायबेटिक रॅट्सची ग्लुकोजप्रमाणे चढत्या क्रमाने यादी करा, डायबेटिक रॅट्सचे चार ग्रुप असतील तर वरून चार-चारचे गठ्ठे पाडा, आणि प्रत्येक गठ्ठ्यात कोण कुठल्या ग्रुपला ते एक्सेलच्या रॅन्डम नंबरने काढा. त्या शीटची प्रत सेव्ह करा आणि पुन्हा रॅन्डम नंबर काढू नका, आवडेल तशी वाटणी येईपर्यंत परत परत काढणं हे रॅन्डमायझेशन नाहीच. नॉर्मल कंट्रोल वेगळा असतो, त्यांना नुसतं बफर दिलेलं असतं, हे लिहायला विसरू नका.

मग पिंजरे. एका ग्रुपचे सगळे रॅट्स एकाच पिंजऱ्यात, तो पिंजरा खिडकीशी, दुसरा वरच्या कप्प्यात, असं असेल तर दिसलेला फरक अर्काचा की जागेचा हे कुणालाच सांगता येणार नाही. एका पिंजऱ्यात वेगवेगळ्या ग्रुपचे रॅट्स ठेवले तर हा प्रश्न सुटतो पण दुसरा येतो, रॅट्स विष्ठा खातात, त्यातून एकाचा अर्क दुसऱ्याच्या पोटात जाऊ शकतो. तुमच्या स्टडीत कुठला धोका मोठा ते ठरवा आणि का ठरवलं ते पेपरमध्ये लिहा. प्रत्येक ग्रुपचे दोन-तीन छोटे पिंजरे करून रॅकवरची जागा दर आठवड्याला बदलणं हा मधला मार्ग बरा पडतो.

ब्लाइंडिंग (कुठला रॅट कुठल्या ग्रुपचा ते काम करणाऱ्याला कळू न देणं) म्हटलं की 'आमच्याकडे शक्य नाही' हे ऐकू येतं. शक्य असतं. अर्क तपकिरी असतो, मेटफॉर्मिन रंगहीन, सिरिंज बघितली की कळतं, म्हणून सगळ्या सिरिंजना अपारदर्शक टेप लावायची आणि ए, बी, सी, डी असे कोड स्टडीबाहेरच्या कुणीतरी द्यायचे. नुसतं व्हेइकल (अर्क ज्यात मिसळतात ते द्रव) घेणाऱ्या ग्रुपलाही तेवढ्याच प्रमाणात, त्याच वेळी गॅव्हाज द्यायचाच, कारण नळी घशातून जाण्याचाही ताण असतो आणि ताणाने साखर वाढते. आता एक गोष्ट टाळता येत नाही. डायबेटिक रॅट्स प्रचंड पाणी पितात आणि सारखे मुततात, त्यांचं बेडिंग एका रात्रीत ओलंचिंब होतं, त्यामुळे पिंजऱ्याकडे बघूनच कळतं की हा नॉर्मल कंट्रोल नाही. ठीक आहे, ते लपवता येत नाही असं लिहा. पण अर्क, मेटफॉर्मिन आणि डायबेटिक कंट्रोल यांच्यात तरी मोजणाऱ्याला कळू नये एवढं करता येतं, आणि पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) स्लाइड बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला तर फक्त नंबर लावलेल्या काचा द्यायच्या, ग्रुपची नावं मुळीच नाहीत.

सहावी पायरी: रोजची काळजी, रोजची नोंद

ते ओलं बेडिंग नॉर्मल रॅट्सच्या वेळापत्रकाने बदललं तर डायबेटिक रॅट्स दिवसेंदिवस मुतात बसतात, अमोनियाने डोळे-श्वास त्रासतात, पायांना फोड येतात. रोज बघा, लागेल तसं रोज बदला. पाण्याची बाटली रात्रीत रिकामी होते, दोन लावा. अटेंडंट काकांना पहिल्या दिवशीच नीट समजावून सांगा, स्टडीचा अर्धा भार त्यांच्यावर असतो आणि पेपरच्या आभारात त्यांचं नाव असायलाच हवं.

वजन ठरलेल्या वेळी, आणि सुरुवातीच्या वजनाच्या २० टक्के घटलं की काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. रक्त किती काढायचं याला मर्यादा आहे, २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये एकूण रक्त साधारण १६ मिली, त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त एका वेळी घ्यायचं नाही, म्हणजे दीड मिलीच्या आसपास. ग्लुकोमीटरला शेपटीचा एक थेंब पुरतो, त्यासाठी डोळ्यामागून रक्त काढायची काही गरज नाही. उपाशी ठेवायचं तर रात्रभर कशाला, डायबेटिक रॅटला ते फार जड जातं, बऱ्याच कामांना चार ते सहा तास पुरतात. भुलीला ईथर वापरला असं लिहिलेले प्रबंध अजून दिसतात, ते आता सोडून द्या, पशुवैद्यकाला विचारून योग्य औषध आणि डोस घ्या. रॅट्स आल्यावर निदान आठवडाभर रुळू द्या आणि रोज हातात घ्यायची सवय लावा. माईसवर (छोट्या उंदरांवर) काम असेल तर शेपटीला धरून उचलू नका, नळीतून किंवा ओंजळीत उचललेले माईस कमी घाबरतात हे २०१० मध्ये दाखवून झालंय. हाताळणारा माणूस पुरुष आहे की बाई यानेसुद्धा फरक पडतो, २०१४ च्या एका अभ्यासात पुरुषांच्या वासानेच माईस आणि रॅट्सवर ताण येऊन वेदनेचा प्रतिसाद बदललेला दिसला. म्हणून डोस कोण देणार, कोण मोजणार ते बदलत राहू नका, बदललं तर लिहा.

नोंदवहीत शाईने, तारखेसकट, ज्याने काम केलं त्याची सही. रॅट नंबर १७ बाराव्या दिवशी मेला, शवविच्छेदनात फुफ्फुसात द्रव सापडला, बहुधा गॅव्हाजची नळी श्वासनलिकेत गेली. एवढं लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने विचारलं की पाचच का, तर उत्तर तयार असतं, आणि ते खरं असतं.

सातवी पायरी: लिहिताना

अराइव्ह गाइडलाइन्स (प्राण्यांवरच्या प्रयोगाचा पेपर कसा लिहायचा याच्या सूचना) २०१० मध्ये यूकेच्या एनसी३आरएस या संस्थेने काढल्या, २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, त्यात अत्यावश्यक अशा दहा गोष्टी वेगळ्या काढल्यात. त्या आधी वाचा, प्रोटोकॉल लिहितानाच. शेवटी चेकलिस्ट भरण्याने फार काही होत नाही हे तपासून झालंय: प्लॉस वनकडे आलेल्या पेपरांवर एक ट्रायल झाली, निम्म्या लेखकांना चेकलिस्ट भरणं सक्तीचं केलं, २०१९ मध्ये निकाल आला तर दोन्ही गटांत एकही पेपर अराइव्हचं पूर्ण पालन करणारा निघाला नाही. झालं नाही ते चेकलिस्टवर पान नंबर टाकून होत नाही.

ग्राफमध्ये प्रत्येक रॅटचा ठिपका दाखवा. स्टँडर्ड एररची (सरासरी किती अचूक ते सांगणारी) दांडी लहान दिसते म्हणून ती लावायची सवय मोडा, सहाच्या ग्रुपमध्ये ती स्टँडर्ड डेव्हिएशनपेक्षा जवळपास अडीचपट लहान असते आणि वाचणाऱ्याची फसगत होते. त्याच रॅटचं ग्लुकोज पाच वेळा मोजलं तर ते पाच रॅट होत नाहीत, वेळेचा हिशोब धरणारं मॉडेल लावा, जमत नसेल तर स्टॅटिस्टिक्सवाल्या माणसाला सहलेखक करून घ्या. फक्त नर घेतले असतील तर का ते लिहा, 'मादीत चढउतार जास्त असतात' हे कारण चालणार नाही, २०१४ मध्ये माईसवरच्या बऱ्याच स्टडीज एकत्र करून पाहिल्या तेव्हा मादी नरांपेक्षा जास्त बदलत्या निघाल्या नाहीत. स्ट्रेप्टोझोटोसिनला मादी कमी दाद देतात, हे कारण खरं आहे, तेच लिहा.

कच्चा डेटा, रॅन्डमायझेशनची शीट, वगळलेल्या रॅट्सची यादी झेनोडो (डेटा ठेवायची वेबसाइट) किंवा ओएसएफवर टाका, फुकट आहे आणि डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. अर्काचा परिणाम दिसला नाही तरी हे सगळं टाकायचंच, नाहीतर दुसऱ्या कॉलेजात पुढच्या वर्षी तेच तीस रॅट्स परत जातात.

आठवी पायरी: रिव्ह्यूला उत्तर

रिपोर्ट आला की त्याच दिवशी उत्तर लिहू नका. प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा कॉपी करा, खाली उत्तर, खाली पेपरमध्ये कुठे काय बदललं. रॅन्डमायझेशन केलं नव्हतं तर 'केलं नव्हतं, ही या स्टडीची मर्यादा आहे' असं सरळ लिहा आणि निष्कर्ष तेवढे खाली आणा. 'प्राणी यादृच्छिकपणे विभागले' असं मागाहून घुसवणं म्हणजे खोटं, आणि ओपन रिव्ह्यूमध्ये जुनी आवृत्तीही तिथेच असते, कुणीही दोन्ही शेजारी ठेवून बघतं.

रिव्ह्यूअर अजून एक ग्रुप करा म्हणाला तर? लगेच हो म्हणू नका. नवे प्राणी म्हणजे परत आयएईसी, आणि महिन्यांनी वेगळ्या बॅचमध्ये केलेला एकटा ग्रुप जुन्याशी तुलनाच करता येत नाही, करायचा तर कंट्रोलसकट करावा लागतो. तो प्रयोग न करता निष्कर्ष मर्यादित करून भागत असेल तर तसं आदराने लिहा, की एवढ्या उत्तरासाठी अजून बारा जीव घेणं आम्हाला योग्य वाटत नाही. संपादक हे समजून घेतात, आणि छापून आल्यावर पुढच्या लेखकाला त्याचा आधार होतो.

रिव्ह्यू तुमच्याकडे आला तर

गाइडकडे आलेला रिव्ह्यू बऱ्याचदा पीएचडीचा विद्यार्थीच लिहितो, तेव्हा रिपोर्टवर तुमचंही नाव जावं असं आधीच बोलून घ्या, बरीच जर्नलं सहरिव्ह्यूअरची नोंद घेतात.

सुरुवात मेथड्सपासून करा, ॲबस्ट्रॅक्ट नंतर. आणि प्राणी मोजा. पेपर म्हणतो पाच ग्रुप, सहा-सहा रॅट्स, म्हणजे ३०. साध्या वन-वे अनोव्हामध्ये (अनेक ग्रुपच्या सरासरींची तुलना करणाऱ्या टेस्टमध्ये) एफच्या पुढे कंसात ४ (ग्रुप वजा एक) आणि २५ (प्राणी वजा ग्रुप) यायला हवेत, पण छापलंय ४ आणि २२, म्हणजे तीन रॅट्स कुठेतरी गळाले आणि त्यांचा उल्लेख नाही. हे दोन आकडे प्रत्येक पेपरमध्ये बघा, यातून जेवढं उघड होतं तेवढं पानभर चर्चेतून होत नाही. नंतर सर्कल (SYRCLE) या गटाचं रिस्क ऑफ बायस टूल, म्हणजे निकाल एका बाजूला झुकण्याचा धोका तपासणारी यादी, घ्या, दहा प्रश्न आहेत, वाटणी लपवलेली होती का, पिंजऱ्यांची जागा बदलत होती का, मोजणारा ब्लाइंड होता का, एकेक तपासून लिहा. भूल, वेदनाशमन, मारण्याची पद्धत लिहिली आहे का तेही विचारा, हे रिव्ह्यूअरचं कामच आहे, फक्त कमिटीचं नाही. जे तुमचं क्षेत्र नाही तेही सांगा, 'हिस्टॉलॉजीबद्दल मी मत देऊ शकत नाही' असं लिहिण्यात कमीपणा नाही.

नाव द्यायचं का? मोठ्या प्राध्यापकाच्या पेपरवर सही करून टीका करायची भीती खरी आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बीएमजेच्या १९९९ च्या ट्रायलमध्ये नाव उघड होणार म्हटल्यावर ३५ टक्क्यांनी रिव्ह्यू करायला नकार दिला, निनावीत २३ टक्क्यांनी, आणि रिव्ह्यूच्या दर्जात काही फरक पडला नाही. एल्सव्हिअरच्या पाच जर्नलांमध्ये रिपोर्ट छापायला लागले तेव्हा ८.१ टक्के रिव्ह्यूअरनीच नाव द्यायला होकार दिला. माझं मत: रिपोर्ट छापला जाणं महत्त्वाचं, नाव नंतर. करिअरच्या सुरुवातीला असाल तर रिपोर्ट ओपन आणि नाव बंद असा पर्याय असलेलं जर्नल घ्या, पण लिहिताना मात्र नाव छापणारच आहेत असं समजून लिहा, 'हे काम निकृष्ट आहे' ऐवजी 'तक्ता दोनमध्ये डायबेटिक कंट्रोलचं वजन वाढलेलं दिसतं, हे मॉडेलशी जुळत नाही, कृपया कच्चा डेटा द्यावा' असं.

एकच गोष्ट उघड रिपोर्टमध्ये लिहायची नाही. फोटो दुसऱ्या पेपरमधून उचललेला वाटतोय, किंवा आयएईसी मंजुरीचा नंबर खोटा वाटतोय, अशी शंका असेल तर ती संपादकाला वेगळी, गोपनीय कळवायची, पुराव्याची पानं जोडून. चौकशी त्यांनी करायची असते आणि तोवर त्या पेपरवर तुमचा शेरा द्यायचा थांबवून ठेवायचा.